गंगाआत्याचं हसू

१

कुलूप फोडलेलं दिसल्यावर लवू नाचणकरने आधी आरडाओरडा केला नाही. आधी त्याने शोकेसच्या काचेत बघून केस विंचरले आणि मग रस्त्यावर येऊन बोंब ठोकली. समोरच्या चहावाल्या विठूने हे पाहिलं आणि दिवसभर गिऱ्हाइकांना रंगवून सांगितलं. रत्नागिरीच्या बाजारपेठेत चोरीपेक्षा चोरी झालेल्या माणसाची गंमत जास्त खपते.

राही शेट्ये पोचली तेव्हा स्टुडिओत फौजदार उभे होते आणि लवू कपाळाला हात लावून स्टुलावर बसला होता. राही वकील होती. चाळिशीची, अंगाने भरभक्कम, आवाज जेटीवर लिलाव पुकारायच्या लायकीचा. बार रूममधल्या पुरुषांना तिची भीती वाटायची आणि त्या भीतीला ते ‘बाईला शिस्त नाही’ म्हणायचे.

"काय गेलं, लवूशेठ?"

"एकच निगेटिव्ह. गंगाबाईची. उद्या कोर्टात दाखवायची होती तीच."

ती निगेटिव्ह कोर्टात आणायला राहीनेच भाग पाडलं होतं.

तिने स्टुडिओभर नजर फिरवली. कॅमेरा जागेवर. दिवे जागेवर. मागच्या भिंतीला जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर पुठ्ठ्याची खोकी दाटीवाटीने रचलेली. एकाही खोक्यावर नाव नाही, खूण नाही. अर्ध्या जिल्ह्याचे चेहरे त्यांत पडून होते आणि कोण कुठे आहे ते फक्त लवूच्या डोक्यात होतं. एकही खोकं उपसलेलं नव्हतं.

"चोर कोण ते उघड आहे," फौजदार म्हणाले. "तुमची अशील. कमळा. काल संध्याकाळी ती या शोकेससमोर उभी राहून म्हातारीचा फोटो बघत होती. बाजारातल्या सगळ्यांनी पाहिलंय. निगेटिव्ह गायब झाली की फोटो खोटा म्हणून बोंब मारायला मोकळी."

"कुठाय ती?"

"चौकीत बसवलीय."

२

भांडण घराचं होतं. बंदरावरच्या वाडीत गंगाआत्याचं कौलारू घर आणि पुढ्यात मासळी वाळवायचं मोठं खळं. आत्याला मूल नव्हतं. आईबाप गेलेल्या भाचीला, कमळेला, तिने वाढवलं. टोपली डोक्यावर घ्यायला शिकवलं, गिऱ्हाइकाला शिव्या द्यायला शिकवलं. घर कमळेचंच, असं आत्या चारचौघांत म्हणायची.

मग कमळा नणंदेच्या बाळंतपणासाठी दाभोळला गेली. जाताना दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं. आत्याचे गुडघे इतके गेले होते की ती अंगणाबाहेर पडत नसे, आणि ‘अशात मला टाकून जातेस’ यावरून भांडण झालं. कमळेच्या पाठीमागे आत्याचा दुसरा भाचा सदू तिला वाडीच्या टोकाला, माडांच्या आडोशाला असलेल्या आपल्या घरी घेऊन गेला. तिथेच ती वारली. दाभोळहून कमळा येईस्तोवर चिता विझली होती.

आणि तेराव्याला सदूने मृत्युपत्र बाहेर काढलं. घर सदूला. खाली आत्याचा अंगठा, साक्षीला वाडीतला वजनदार म्हातारा भागोजी. आत्या उठूसुद्धा शकत नव्हती, असं कमळा म्हणाली तेव्हा सदूने फोटो पुढे केला. तो म्हणाला, मरायच्या महिनाभर आधी आत्या माझ्याबरोबर हौसेने रत्नागिरीला आली, मृत्युपत्र केलं, आणि आनंदाने फोटो काढून घेतला. बघा.

लोकांनी बघितलं आणि निकाल लावून टाकला. लोकांना कागद वाचायचा कंटाळा असतो, चेहरा वाचायला सगळे तयार.

राहीने चौकीच्या बाकावर बसून पिशवीतून तो फोटो काढला. काळापांढरा, वहीच्या पानाएवढा. मागे पडद्यासारखं मऊ राखाडी धुकं. आत्याचा चेहरा किंचित वळलेला, उजळलेला, गाल भरलेले, कपाळावरच्या आठ्या विरलेल्या. डोळ्यांत चमक. ओठांच्या कोपऱ्यात तृप्त हसू. नाकाची सावली बघणाऱ्याच्या डाव्या हाताकडच्या गालावर अलगद पडलेली. कानाच्या पाळीखाली डुलांचं जेमतेम टोक दिसत होतं.

"धा वर्सांनी ल्हान दिसतेय," कमळा म्हणाली. "सगली वाडी बोलते. सदूकडं सुखात व्हती म्हणून." तिने पदराने नाक पुसलं. "वकीलबाय, केस सोडा. देऊन टाका त्याला घर."

"काय म्हणालीस?"

"मी भांडून गेली. माझ्याकडं असताना ती कदी अशी हसली नाय. मी जलमभर बगितलं तिला, पन हे हसू मला कदी दिलं नाय तिनं. त्याला दिलं. मग घर पन त्याचंच."

राहीला राग आला. कमळेचा नव्हे. एका जिवंत बाईला कागदाच्या तुकड्याने एवढं मोडून टाकलं, त्याचा.

"गप बस," ती म्हणाली. "घराचं मी बघते. आत्याचं हसू कुठून आलं तेही मीच बघते. तोवर कुठेही अंगठा उठवलास तर तंगडं मोडीन."

मग ती फौजदारांकडे वळली. "साहेब, लवूच्या फळ्यांवरच्या खोक्यांत तुमच्या पोरीच्या लग्नाची निगेटिव्ह असेल ना?"

"आहे. गेल्या वर्षीची."

"जा, काढून आणा. लवूला न विचारता."

फौजदार हसायला गेले आणि हसू अर्ध्यावर राहिलं.

"खुणा नसलेल्या शेकडो खोक्यांतून जी बाई कधी त्या खोलीत गेली नाही तिने अंधारात नेमकी एकच निगेटिव्ह उचलली, एकही खोकं न उपसता? सोडा तिला."

कमळा सुटली. पण पायऱ्या उतरताना राही तिथेच थबकली. खोकी ज्याच्या डोक्यात आहेत असा माणूस एकच. लवूने स्वतःच्या दुकानात चोरी कशाला करावी?

३

सदूने राहीला ओटीवर बसवलं, शहाळं फोडून दिलं. गोरटेला, गोडबोल्या, हसताना मान तिरकी करायचा. शेजारी भागोजी पान जुळवत बसला होता. म्हाताऱ्याने राहीकडे एकदाही सरळ बघितलं नाही.

"कमळी आमचीच हाय," सदू म्हणाला. "तिला मी वाऱ्यावर सोडनार नाय. पन आत्याची इच्छा म्हनून काय हाय का नाय? तुमी फोटोत तोंड बगितलंत ना तिचं?"

"बघितलं. भागोजीबाबा, अंगठा तुमच्यासमोर उठवला?"

"व्हय."

"कुठं?"

"रत्नागिरीस."

"तिथं कसे गेलात?"

भागोजीने पानाला चुना जरा जास्तच लावला. सदूनेच उत्तर दिलं, "यष्टीनं. बाबांना कमी ऐकू येतं."

"यष्टीत चढताना आत्याचे गुडघे?"

"मानूस आनंदात असला की गुडघं पन ऐकतात, बाय."

राही उठली. दगडी गडग्यापलीकडे शेजारची हौसा बोंबील उलथत होती. कान मात्र इकडेच होते. बाहेर येताच राही तिच्यापाशी थांबली.

"हौसाक्का, आत्या गेली तेव्हा तुम्ही होतात?"

"नाय गो. आमाला नंतर कळवलान. आदी फोटोवाला आला ना."

"कसला फोटोवाला?"

"तो बाजारातला, केसांचा कोंबडा काढलेला. क्यामेऱ्याचं तिकाटनं न् पिशवी घेऊन सायकलीवरनं आला, ह्याच्या घरात शिरला. तो गेल्यावर सदूनं रडायला सुरवात केली. तेवा आमी धावलो."

राही तशीच मागे फिरली. "सदूभाऊ, मयताचा फोटो काढलात?"

सदूची मान तिरकी झाली, पण हसू यायला वेळ लागला. "काढला. रीतच हाय. पन फिल्लम खराब झाली. लवूनं सांगितलं."

राही निघाली. माडांखालून जाताना तिच्या मनात रीत घोळत होती. गरिबाघरी माणूस हयातीत फोटो काढून घेत नाही. मेल्यावर आठवण होते, मग घाईने फोटोवाल्याला बोलावतात, म्हणजे भिंतीला लावायला काहीतरी राहतं. पण ज्याचा फोटो आधीच काढलेला आहे, त्याच्या मयताचा फोटो कोण काढतो?

महिनाभर आधी एवढा देखणा फोटो घरात आला होता, तर लवूला सायकल मारत का बोलावलं?

४

"रंगीत आले आणि धंदा बसला, वकीलबाई," लवू म्हणाला. "रंगीतमध्ये काय, बटण दाबा, मुंबईला पाठवा, आले फोटो. कारागिरी नाही. काळापांढरा म्हणजे आमच्या हातातली गोष्ट."

राहीने आपण कारागिरी बघायला आल्याचं सांगितलं होतं. लवूसारखा माणूस एवढ्यावर पोलिसांना विसरतो.

दुपारी त्याने तिला डार्करूममध्ये नेलं. लाल दिव्यात त्याने फोटो मोठा करायचा एन्लार्जर लावला, खाली कागदावर एका माणसाचा चेहरा उमटला. चेहऱ्यावर प्रकाश पडत असताना लवूचा हात मधेच शिरला आणि पाखरासारखा थरथरत राहिला. दुसऱ्या कागदावर त्याने तसं काही केलं नाही. उलट तळहातांची खिडकी करून चेहरा उजेडात आणखी जळू, काळवंडू दिला. दोन्ही कागद रसायनात सोडले. हळूहळू दोन माणसं वर आली.

एक सज्जन होता. डोळ्यांखाली उजेड, मागे धुकं, देवळात कीर्तन ऐकत बसलेला असावा तसा. दुसऱ्याच्या डोळ्यांत खड्डे, गालांवर काळोख. त्याच्याबरोबर एकट्याने होडीत बसायची छाती झाली नसती.

"भाऊ आहेत?" राहीने विचारलं.

"एकच माणूस. एकच निगेटिव्ह." लवूच्या आवाजाला लाल दिव्यातही तेज आलं. "हात आडवा धरला तेवढा साधू झाला. वर निगेटिव्हवर पेन्सिल चालवली की सुरकुत्या जातात. ओठाचा कोपरा ब्रशने तांदळाएवढा उचलला की माणूस हसतो. लोकांना वाटतं कॅमेरा खरं सांगतो. कॅमेरा नुसता कच्चा माल देतो, बाई. माणूस आम्ही करतो."

"आणि डोळे?"

"डोळ्यांत जीव हवा. बुबुळात पांढरा ठिपका. तो नसला तर चेहरा मेलेला. तो मी डोळे मिटून टाकतो, इतका हात बसलाय."

बाहेर आल्यावर राही शोकेससमोर उभी राहिली. नवरा-नवरी, बारशाची बाळं, पदवीचे झगे. लवूचा मोठा दिवा खोलीत एका बाजूला सिमेंटच्या बुंध्यात पक्का रोवलेला, त्यामुळे प्रत्येक फोटोत उजेड बघणाऱ्याच्या डाव्या हाताकडून आलेला. प्रत्येक डोळ्यातला ठिपका डावीकडे. प्रत्येक नाकाची सावली उजवीकडे.

"ही जागा कोणाची हो?" तिने सहज विचारलं.

"सदूच्या मेव्हण्याची," लवू म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

राही विठूच्या बाकड्यावर जाऊन बसली, पिशवीतलं भिंग काढलं आणि आत्याच्या फोटोवर धरलं. डोळ्यांतले ठिपके बघितले. नाकाची सावली बघितली. कानातले डूल बघितले.

मग ती इतक्या जोरात हसली की विठूच्या हातचा कप फुटला.

"कप माझ्या नावावर लिही," ती म्हणाली. "आणि उद्या दुकान बंद ठेवून कोर्टात ये. फुकटचा तमाशा आहे."

५

कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. वाडीच्या कोळणी मागच्या बाकांवर दाटीने बसल्या होत्या. सदूचे वकील पिकल्या केसांचे, मुलायम आवाजाचे. त्यांनी फोटो न्यायाधीशांसमोर ठेवून अर्धा युक्तिवाद त्या हसण्यावरच केला. पिंजऱ्यात लवू होता. त्याने शपथेवर सांगितलं: गंगाबाई स्टुडिओत आल्या, नेहमीच्याच खुर्चीत बसल्या, त्याच दिव्यात फोटो काढला.

राही उठली.

"लवूशेठ, दिवा जागचा हलतो?"

"नाही. सिमेंटमध्ये आहे."

"म्हणजे उजेड नेहमी फोटोच्या डावीकडून. सावली उजवीकडे. साहेब, हे भिंग घ्या. शोकेसमधले हे दोन फोटो बघा, आणि मग गंगाबाईच्या नाकाची सावली बघा."

न्यायाधीश वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

"सावली डावीकडे आहे," ते म्हणाले.

"आणि डोळ्यांतले ठिपके?"

"तेही डावीकडेच."

"उजेड उजवीकडून आला, तर डोळ्यांत डावीकडून कसा चमकला? त्या बाईला दोन सूर्य होते काय? ठिपका उजेडाने नाही पडलेला, हाताने टाकलाय. सवयीच्या हाताने. हा फोटो स्टुडिओतला नाही आणि हे डोळे गंगाबाईचे नाहीत."

सदूचे वकील उठले. "रिटचिंग प्रत्येक फोटोत होतं. त्याने काय सिद्ध होतं?"

"ते दाखवते," राही म्हणाली.

आणि तिने काळा कोट काढून खुर्चीवर टाकला, स्टूल ओढलं आणि वकिलांच्या लांब टेबलावर चढून सरळ उताणी झोपली.

कोर्टात एकच गलका झाला. पट्टेवाला धावला. पिकल्या केसांचे वकील "अहो बाई, अहो बाई!" एवढंच म्हणत राहिले. कोळणींतून कोणीतरी ओरडलं, "वकीलबाय मेली का काय गो?"

"अजून नाही!" राही आढ्याकडे बघत गरजली. "साहेब, खाली या आणि माझ्या तोंडाकडे वरून बघा. आज मी मुद्दाम डूल घातलेत. उभी होते तेव्हा खांद्याकडे लोंबत होते. आता कुठे आहेत?"

न्यायाधीश क्षणभर ताठ बसून राहिले. मग कुतूहलाने अब्रूवर मात केली. ते खाली उतरले, टेबलाशी आले, वाकले.

"मागे गेलेत. पाळीआड. टोकच दिसतंय."

"फोटोत?"

त्यांनी फोटो शेजारी धरला. "तसंच."

"आणि माझे गाल? कपाळ?"

"तुम्ही…" न्यायाधीश घुटमळले. "तुम्ही तरुण दिसताय."

"देवाची कृपा नाही ती. आडवं पडलं की मांस कानाकडे ओघळतं, आठ्या पुसल्या जातात. दहा वर्षांनी तरुण झालेली गंगाबाई सुखाने तरुण झाली नव्हती. ती उताणी झोपली होती." राही उठून बसली. तिचा आवाज खाली आला आणि सगळं कोर्ट ऐकायला पुढे झुकलं. "सदूच्या घरी मयताचा फोटो काढला, त्याची प्रिंट नाही, म्हणे फिल्म खराब झाली. जिवंतपणीच्या फोटोची प्रिंट आहे, तर निगेटिव्ह चोरीला गेली. एकाची प्रिंट नाही, दुसऱ्याची निगेटिव्ह नाही. साहेब, फोटो दोन नाहीतच. तो एकच आहे. निगेटिव्हमध्ये डोळे मिटलेले आहेत, म्हणून तिला पाय फुटले. आणि ती नेमकी काढू शकेल असा माणूस या पिंजऱ्यात उभा आहे."

लवूचे विंचरलेले केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"लवूशेठ, घराघरांत तुम्ही असे डोळे उघडून देता. पुण्याचं काम आहे ते. त्याला गुन्हा कोणी केलं?"

"मेव्हण्याची जागा आहे," लवू पुटपुटला. "सदू म्हणाला, स्टुडिओत आली होती असं म्हण, नाहीतर दुकान रस्त्यावर. आधी नुसती भिंतीला लावायलाच केली होती मी. तो बघून म्हणाला, ही तर जिवंत वाटते. मग त्याच्या डोक्यात शिरलं."

"निगेटिव्ह जाळलीत?"

लवूने मान वर केली. एवढ्या फजितीतही त्याच्या चेहऱ्यावर दुखावल्याचा भाव आला. "जाळू? माझं सगळ्यात चांगलं काम आहे ते. दुसऱ्या खोक्यात आहे."

सदू उभा राहिला होता. "मृत्युपत्राचं काय? अंगठा हाय! भागोजीबाबा साक्षी हायेत!"

सगळ्या माना भागोजीकडे वळल्या. म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. सदूने खळ्यात होडी ओढायची जागा त्याला कबूल केली होती, हे पुढे कळलं.

"बाबा," राही हळू म्हणाली. "अंगठा तुम्हीच धरला होता ना?"

भागोजीने कमळेकडे बघितलं.

"गार व्हता," तो म्हणाला. "अंगठा गार व्हता, सायेब. बर्फातल्या मासलीसारखा."

मागच्या बाकावरून कमळा किंचाळत उठली. तिला धरायला चार जणी लागल्या, आणि त्या चौघींना सदूच्या अंगावर जाण्यापासून रोखायला पट्टेवाला, फौजदार आणि चहावाला विठू.

६

निकाल कमळेच्या बाजूने लागला. सदूला पोलीस घेऊन गेले. मुलायम आवाजाच्या वकिलांनी त्याला वाटेत ओळखही दाखवली नाही. त्या दिवशी जेटीवर मासळी उशिरा विकली गेली, कारण विकणाऱ्या सगळ्या कोर्टाच्या पायऱ्यांवर फुगड्या घालत होत्या. बार रूमच्या खिडकीतून काळे कोट बघत होते. राही त्यांच्याकडे बघून हात हलवून आली.

घराचं कुलूप उघडायच्या दिवशी लवू वाडीत आला. केस विंचरलेले नव्हते. त्याने कागदात गुंडाळलेली प्रिंट कमळेपुढे धरली.

"त्याच निगेटिव्हची आहे, वरची पेन्सिल पुसून. काही केलेलं नाही. पेन्सिल नाही, ब्रश नाही, हातसुद्धा आडवा धरला नाही."

कमळा हात लावायला धजेना. राहीने कागद सोडला.

डोळे मिटलेले होते. कपाळावर तेलाचा चट्टा, केस विस्कटलेले. ओठ जरासे उघडे, खालचा ओठ एका बाजूला ओघळलेला. दारातून आलेला उजेड एकाच गालावर. त्या चेहऱ्यात सुख नव्हतं, राग नव्हता. थकवा होता, आणि तो संपलेला होता.

कमळेने बोट त्या ओघळलेल्या ओठापाशी नेलं.

"दुपारची अशीच झोपायची," ती म्हणाली. "मासलीची पाटी विकून आली की. तोंड उघडं टाकून. मी माशी हाकलत बसायची."

"रागावलेली दिसते का ग तुला?" राहीने विचारलं.

"नाय." कमळेचा आवाज फुटला आणि त्यातूनच ती हसली. "नाय वो, वकीलबाय. नुसती दमलेली हाय."

"डोळे उघडून देऊ?" लवू चाचरत म्हणाला. "फुकट. चांगले करीन. तू सांगशील तिकडं बघतील."

"हात तर लाव," कमळा म्हणाली, "मग तुझंच डोलं मिटून देते."

खळ्यात एकच हशा उसळला. हौसाने खिळा आणला. कमळा स्वतः खुर्चीवर चढली, समोरच्या दाराच्या आत, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी खिळा ठोकला आणि फोटो लावला. मग खाली उतरून तिने दोन्ही दारं सताड उघडली आणि ओटीवर येऊन, आत्याकडूनच शिकलेल्या बाजारी आवाजात, सगळ्या वाडीला पुकारलं:

"या गो! आत या सगल्या! बगा माझ्या आत्याला, कशी झोपलीय तिच्या घरात!"